सम रिकामी ठेवणारा ताल आणि जॅझचा पियानो: मॉन्टी अलेक्झांडरच्या निमित्ताने

पांढरी पाच

'मॉन्टी मीट्स स्लाय अँड रॉबी' (टेलार्क, २०००) हा अल्बम जॅझवाले "नुसत्या ठेक्यावर वाजवलंय" म्हणून बाजूला ठेवतात आणि रेगेवाले (रेगे म्हणजे जमैकाचं संगीत) "हॉटेलातलं संगीत" म्हणून. दोन्ही शेरे मला घाईचे वाटतात. एका बाजूला ऑस्कर पीटरसनच्या वळणाचा, दोन्ही हातांनी सगळा कळफलक घुसळून काढणारा जॅझ पियानिस्ट मॉन्टी अलेक्झांडर. दुसऱ्या बाजूला स्लाय डनबार (ड्रम्स) आणि रॉबी शेक्सपिअर (बास). पीटर टॉश, ब्लॅक उहुरू, ग्रेस जोन्स अशा सगळ्यांच्या मागे उभी राहिलेली जोडी. आणि वाजवायला घेतलंय काय, तर 'कमिलियन', 'साइडवाइंडर', 'मोनिन' ही जॅझची घरची गाणी.

मॉन्टी रेगेच्या गावात पाहुणा नाही. जन्म १९४४, किंग्स्टन. मिसरूड फुटायच्या वयात तो क्लू जे अँड हिज ब्लूज ब्लास्टर्सबरोबर वाजवायचा, म्हणजे स्का (रेगेचा पूर्वज) जन्माला येत होता त्याच खोलीत होता. मग मायामी, न्यूयॉर्क, मिल्ट जॅक्सन, रे ब्राउन अशा जॅझवाल्यांची साथ. 'स्टर इट अप' (१९९९), हा अल्बम, 'गोइन यार्ड' (२००१), 'काँक्रीट जंगल' (२००६) ही सगळी परतवारी आहे.

धागा काढलाय तो असं काम करताना प्रत्यक्ष काय करावं लागतं यासाठी. सुरुवातीला कामाची वाटणी सांगतो:

ड्रम्स: ठेका, आणि कुठे वाजवायचं नाही ते.
बास: खरी चाल. रेगेत लोक गाण्याच्या आधी बास गुणगुणतात.
गिटार: स्कँक, म्हणजे तुटक, झटक्याचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर).
ऑर्गन: बबल, स्कँकच्या आजूबाजूची खदखद.
पियानो: स्कँकला जाडी देणं.

शेवटचं पुन्हा वाचा. पियानोला दिलेलं काम एवढंच आहे. जॅझ पियानिस्टला सवय बास, कॉर्ड, ताल आणि चाल अशी चारही कामं एकट्याने करायची. इथे त्यातली साडेतीन आधीच वाटून झालेली असतात.

---

सोळा मात्रा

आधी मोजणीचा घोळ मिटवू या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

समजा लय १५० आहे (मिनिटाला १५० ठोके) आणि १-२-३-४ मोजताय, हा एक बार. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यामध्ये:

१ – किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) नाही, स्नेअर (हातापुढचा कडक ड्रम) नाही
२ – स्कँक
३ – किक आणि क्रॉस-स्टिक (स्नेअरच्या काठावर आडव्या काठीचा टोला) एकत्र, हाच ड्रॉप
४ – स्कँक

हेच काही जण ७५ च्या लयीत मोजतात. मग ड्रॉप २ आणि ४ वर येतो आणि स्कँक दोन आकड्यांच्या मधल्या 'अँड'वर. कानाला दोन्ही एकच, कागदावर वेगळं. जॅझवाल्याने १५० धरून ३२ बारचा कागद आणला आणि बासवाला ७५ मोजत असेल, तर त्याच्या हिशेबी ते १६ बार झाले. "आठ बारनंतर माझा सोलो" म्हटलं की एक जण लवकर थांबतो, दुसरा वाजवतच राहतो. उपाय सोपा आहे: कागदावर आकड्याबरोबर 'स्कँक २ आणि ४ वर' असं लिहून टाकायचं. भांडण संपलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर केरवा घ्या. धा गे ना ती | न क धी ना. सम पहिलीवर, खाली पाचवीवर. बारचे आठ अर्धे ठोके म्हणजे आठ मात्रा धरल्या, तर स्कँक तिसरी आणि सातवीवर येतो आणि ड्रॉप नेमका पाचवीवर, खालीच्या जागी. आपला डग्गा जिथे बंद होतो तिथेच इथे किक पडते आणि समेवर शुकशुकाट. म्हणून तबल्यावरून ड्रम्सवर आलेल्याचा पाय १ वर आपसूक पडतो. त्याने तो पाय काही दिवस पेडलवरून काढूनच ठेवावा.

---

तळ्यात मळ्यात

समेवर कुणीच नाही म्हणता, पण बास तर १ वर येतो की बऱ्याच गाण्यांत.

---

सोळा मात्रा

बरोबर. रिकामी असते ती ड्रम्सची सम. बासला मोकळीक आहे: कधी १ वर ठाम पाऊल, कधी तिथे सुटी घेऊन पुढच्या अर्ध्यावर उडी. दोन्ही चालतं, फक्त एकदा ठरलं की ते आवर्तन तसंच फिरतं. जॅझच्या बासवाल्याला हे जड जातं. दर आवर्तनाला काहीतरी नवं सुचणं हा तिकडे गुण आहे, इकडे खोड.

आणि वन ड्रॉप हा एकच ठेका नाही. किक चारही ठोक्यांवर गेली की स्टेपर्स. सत्तरच्या दशकात स्लायने किक-स्नेअरची गर्दी वाढवून जे रुजवलं ते रॉकर्स. पियानिस्टने पहिला प्रश्न हाच विचारावा की यातलं कुठलं वाजणार आहे. वन ड्रॉपमध्ये सोलोला मोकळी हवा मिळते. स्टेपर्समध्ये पायाखाली सलग दगडी फरशी असते, वर लांब सूर धरलेले शोभतात, बारीक धावपळ नाही.

---

काळी चार

आता डावा हात. सगळं बिघडतं ते इथे.

बास गिटारची खालची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर असते आणि रेगेत बासची मजा ६० ते १२० च्या पट्ट्यात. पियानिस्टचा डावा हात सवयीने तिथेच जाऊन बसतो. दोन्ही एकत्र वाजले की बासचे काठ पुसले जातात आणि दोष येतो बासवाल्यावर किंवा साउंडवाल्यावर. ठेका चालू असताना मधल्या सीच्या खालच्या सीपेक्षा (१३१ हर्ट्झ) खाली उतरायचंच नाही, हा नियम करून टाका. सोलोत एखादी खोल आरोळी म्हणून उतरलात तर हरकत नाही, तेव्हाही बासच्या सुटीत उतरा.

दुसरं, सूर लांबवणारं पेडल. स्कँक चालू असताना उजवा पाय जमिनीवर. १५० च्या लयीत एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा असतो, कॉर्ड त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याहून लांब नको. गिटारवाला डाव्या हाताची बोटं सैल सोडून तार जिथे गप्प करतो, तिथेच पियानोची कळ वर आली पाहिजे. सुरुवात जुळवण्यावर सगळे घाम गाळतात, शेवट कुणी जुळवत नाही. मग गिटार 'चक' म्हणते आणि पियानो 'चकाऽ'. ऐकताना ठेका ढिला वाटतो आणि कारण हाती लागत नाही. तालमीत फक्त गिटार आणि पियानो, बाकी सगळे गप्प, असं पाच मिनिटं करा. तेवढ्यात कळतं.

तिसरं, कॉर्डची मांडणी. 'कमिलियन' घ्या, बी फ्लॅट मायनर सेव्हन आणि ई फ्लॅट सेव्हन, एकेक बार. बी फ्लॅट बास वाजवतोच आहे, आपण कशाला?

पहिला कॉर्ड: डी फ्लॅट – एफ – ए फ्लॅट
दुसरा कॉर्ड: डी फ्लॅट – ई फ्लॅट – जी

अंगठा जागेवर. एफ खाली ई फ्लॅटवर, ए फ्लॅट खाली जीवर. दोन बोटं एकेक पाऊल सरकतात, बस. मधल्या सीच्या लगतच वर हे तिन्ही सूर येतात आणि गिटारशी एकजीव होतात. यात कॉर्डच्या मूळ सुरापासूनचा नववा, तेरावा सूर घातला की कॉर्ड श्रीमंत होतो पण झटका मऊ पडतो. ते सूर सोलोतल्या उजव्या हातासाठी राखून ठेवा. खाली साधे तीन सूर असतील तर वर एखादा नववा सूर लखलखतो. खाली आधीच सगळं भरलेलं असेल तर तो कुणाला ऐकूही येत नाही.

आपल्याकडे गायक जागा घेतो, इथे सोडायची.

---

फुंकर

काळी चार यांना अनुमोदन, पण एक सवाल. सोलो चालू असताना स्कँक कोण वाजवणार? डावा हात स्कँक आणि उजवा सोलो असं करणारे खूप दिसतात आणि दोन्ही अर्धवट होतं. सोलोत लय जरा मागे-पुढे खेचायची असते, स्कँकला ती मुभा नाही. एकाच डोक्यातून दोन्ही निघाले की स्कँकही सोलोबरोबर डुलायला लागतो.

म्हणून अशा अल्बमला गिटार हवीच आणि जमलं तर दुसरा कीबोर्डवाला, बबलसाठी. बबल असा: १५० च्या मोजणीत

१ – सुटी, अँड – डावा, २ – उजवा, अँड – डावा
३ – सुटी, अँड – डावा, ४ – उजवा, अँड – डावा

उजवा हात स्कँकवरच पडतो, डावा त्याच्या अलीकडे-पलीकडे. डाव्याचा जोर उजव्याच्या निम्मा. हॅमंड ऑर्गनवर पहिले तीन ड्रॉबार (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या दांड्या) बाहेर, बाकी आत, पर्कशन बंद. आवाज इतका हळू की काढून टाकल्यावर उणीव जाणवावी आणि असताना लक्ष जाऊ नये. कीबोर्डवर ऑर्गनचा सूर निवडताना मोठ्या रिव्हर्बवाला (घुमाऱ्याचा) तेवढा टाळा, बबलचा चिखल होतो.

---

तळ्यात मळ्यात

वन ड्रॉप बॉब मार्लेच्या ड्रमरने शोधला ना? मग जॅझवाल्यांना त्यात उपरं का वाटू नये, तो तर नंतरचा प्रकार.

---

पांढरी पाच

मार्लेचा ड्रमर कार्लटन बॅरेट, त्याने तो जगभर पोचवला. शोधाचं श्रेय ड्रमर विन्स्टन ग्रेनन यांनाही दिलं जातं. अशा गोष्टींचा एक बाप नसतो.

उपरेपणाचं म्हणाल तर उलट आहे. स्काचे बहुतेक वादक जॅझचेच होते. हॉटेलांतल्या नाचाच्या वाद्यवृंदांत वाजवायचे, किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनवाले. १९६४ चे स्कॅटलाइट्स (स्काचा ताफा) ऐका, चाल संपली की जॅझचे सोलोच सुरू होतात. शिवाय वॉरिका टेकडीवर ढोलवादक काउंट ऑसीच्या तळावर रास्ताफारी पंथाच्या ढोलांसमोर हेच ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनवाले तासन् तास वाजवायचे. न्याबिंगीत, म्हणजे या रास्ता ढोलवादनात, तीन ढोल असतात: मोठा बास, मधला फंडे, आणि वर बोलणारा रिपीटर. फंडे एकच दुहेरी ठोका न थकता देत राहतो आणि रिपीटर त्यावर हवं ते बोलतो. जॅझ सोलो आणि रेगे ठेका यांचं नातं त्याच साच्यातलं आहे. पियानो म्हणजे रिपीटर. फंडे व्हायला जाऊ नये.

---

खर्जातला

उशिरा आलो. तुलनेसाठी एक अल्बम सुचवतो: जमैकन गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिनचा 'बिलो द बासलाइन' (आयलंड जमैका जॅझ, १९९६). त्यातही पियानोवर मॉन्टीच. पण ड्रम्सवर इद्रिस मुहम्मद, न्यू ऑर्लिन्सचा. बासवर इरा कोलमन, आणि सॅक्सोफोनवर स्कॅटलाइट्सचे रोलंड अल्फॉन्सो.

म्हणजे चार वर्षांच्या अंतराने तोच पियानिस्ट, एकदा जॅझचे वादक रेगे वाजवताना आणि एकदा रेगेचे वादक जॅझची गाणी वाजवताना. पहिल्यात ताल श्वास घेतो, झांज उघडी आहे, लोक एकमेकांना उत्तरं देतात. दुसऱ्यात ताल जागचा हलत नाही आणि पियानोलाच सगळी हालचाल करावी लागते. माझं मत पहिल्याच्या बाजूने. स्लाय-रॉबीवाल्या अल्बममध्ये ड्रम्सचा आवाज फार कोरडा, इस्त्री केल्यासारखा वाटतो.

---

फुंकर

इस्त्री हीच तर स्लायची सही. त्याला सुरकुत्या हव्यात म्हणणं म्हणजे पुरणपोळीत तिखट मागणं.

---

सोळा मात्रा

दोघांच्या मधलं सांगतो. फरक कोरडेपणाचा कमी, झुकावाचा जास्त आहे. जॅझ स्विंगमध्ये ठोक्याचे साधारण दोनास-एक असे भाग पडतात. रेगेत बरेचदा ना सरळ निम्मे, ना पूर्ण तिहाई, मधलंच काहीतरी, आणि ते हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) ठरवतो. पियानिस्टने सवयीने पूर्ण स्विंग लावला की हाय-हॅट आणि उजवा हात एकमेकांच्या पायात पाय घालतात. तालमीत ड्रमरला एकटा हाय-हॅट वाजवायला सांगा आणि त्यावर फक्त एका सुरावर अर्धे ठोके वाजवा. चाल नको, एकच सूर. जुळलं की मग बाकीचं.

मेट्रोनोम लावलात तर टिकटिक २ आणि ४ वर धरा. १ वर लावलात तर रिकामी सम भरून टाकल्यासारखं होतं आणि सगळे नकळत तिथे जोर देतात.

---

खर्जातला

गाण्यांच्या निवडीबद्दल. हा अल्बम जमला त्यात निम्मा वाटा निवडीचा. 'कमिलियन' दोन कॉर्डांवर फिरतं, रेगेच्या बासला हवं तेच. 'साइडवाइंडर' २४ बारचा ब्लूज, ई फ्लॅटमध्ये, कॉर्ड सावकाश बदलतात. 'मोनिन'च्या मुखड्यात पियानोचा सवाल आणि बँडचं दोन कॉर्डांचं उत्तर. ते उत्तर गिटार-ऑर्गनला आयतं मिळतं.

फसतात ती दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलणारी गाणी. बासचं आवर्तन दोन किंवा चार बारचं असतं. इतक्या वेळा कॉर्ड बदलले की आवर्तन उभंच राहत नाही, बासवाला नुसता मूळ सुरांमागे धावतो. अशा गाण्याला हे करून पाहा:

आधी बासची ओळ लिहा, चार बारची. मग चालीतले किती कॉर्ड तिच्यावर तगतात ते बघा. मधले जोडकॉर्ड काढून टाका आणि एका बारला एकच ठेवा. आवर्तनाच्या शेवटी परतीसाठी जे दोन-पाच-एक (जॅझची नेहमीची तीन कॉर्डांची माळ) येतं ते फक्त शेवटच्या फेरीत वाजवा. मधल्या भागात (३२ बारच्या गाण्यातले ते आठ बार) बासला ओळ सोडून एका सुरावर थांबू द्या, ड्रम्स गप्प, फक्त हाय-हॅट. मुखड्यावर परतताना ड्रॉप पुन्हा पडला की जो परिणाम होतो तो दहा कॉर्डांनी होत नाही.

---

काळी चार

यालाच जोडून स्विंग आणि रेगे एकाच गाण्यात आणायचं गणित. 'हार्लेम-किंग्स्टन एक्स्प्रेस' (२०११, मंचावरचं रेकॉर्डिंग) मध्ये मॉन्टीने दोन ताफे ठेवलेत: एक जॅझचा, उभ्या बासचा. दुसरा जमैकन, बास गिटारचा. मध्ये तो.

जोड कुठे बसते बघा. स्विंगमध्ये ड्रमरचा डावा पाय हाय-हॅट २ आणि ४ वर मिटतो. रेगेत स्कँक २ आणि ४ वर. लय १५० च ठेवली तर एका ताफ्याचा हाय-हॅट आणि दुसऱ्याचा स्कँक एकाच जागी पडतात, शिवण दिसत नाही. फसतं ते दोन कारणांनी. एक, जॅझच्या ड्रमरची मोठी झांज बदलानंतरही घुमत राहते आणि पहिला रिकामा १ भरून टाकते. शेवटच्या बारात झांज हाताने धरायची. दोन, जॅझचा चालता बास (दर ठोक्याला एक सूर) थेट १ वर येऊन थांबतो. त्याने आधीच्या ४ वरच थांबावं आणि पुढचा १ मोकळा सोडावा.

---

फुंकर

रेकॉर्डिंगचं कुणीच बोललं नाही, म्हणून थोडं.

पियानो आणि ड्रम्स एका खोलीत असतील तर पियानोच्या मायक्रोफोनात क्रॉस-स्टिक घुसतो, आणि नंतर पियानोला डिले (यंत्राने दिलेला प्रतिध्वनी) दिला की तो क्रॉस-स्टिकही पुन्हा पुन्हा वाजतो. वेगळी खोली उत्तम. नसेल तर झाकण आखूड काठीवर, वरून जाड गोधडी, मायक्रोफोनची जोडी आत, तारांपासून वीतभर वर. आवाज जरा पेटीबंद येतो. स्कँकला तो चालतो, सोलोला नाही. म्हणून स्कँक सगळ्यांबरोबर घ्या आणि गरज पडली तर सोलो नंतर उघड्या झाकणाने.

स्कँकच्या ट्रॅकवर १५०–२०० हर्ट्झखालचं कापून टाका, सोलोवर ६०–८०. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) लावलात तर ॲटॅक, म्हणजे दाबायला लागायचा वेळ, २०–३० मिलिसेकंद, म्हणजे हातोडीचा टोला आधी निसटतो. त्याहून वेगवान ठेवलात तर झटकाच चेपला जातो.

डिलेचा हिशेब: ६०,००० भागिले लय. ७५ ला एक ठोका ८०० मिलिसेकंद, अर्धा ४००, पाऊण ६००. पियानोला मला पाऊण आवडतो, कारण पहिला प्रतिध्वनी ना ड्रॉपवर पडतो ना स्कँकवर. ७२ ला हेच आकडे ८३३, ४१७, ६२५. प्रतिध्वनीचं ३०० हर्ट्झखालचं आणि ३ किलोहर्ट्झवरचं काढा, नाहीतर खऱ्या पियानोशी भांडतो.

आणि डिले सतत चालू ठेवायचा नाही. जमैकन साउंड इंजिनिअर किंग टबीच्या काळापासून तो हाताने 'फेकतात': वाक्याच्या शेवटच्या सुरावर सेंड (डिलेकडे आवाज सोडणारी कळ) उघडला, लगेच बंद. पियानिस्टने तेवढी सवय लावून घ्यावी की वाक्य संपलं की दोन ठोके हात वर. त्याच सुटीत प्रतिध्वनी ऐकू येतो. सूर सोडतानाच पुढचा पकडला तर इंजिनिअरला फेकायला काही उरत नाही.

---

तळ्यात मळ्यात

शेवटचा प्रश्न. रेकॉर्डवर अशी गाणी आवाज हळूहळू कमी करून संपवतात. मंचावर काय करायचं? जॅझसारखं तीनदा शेवट वाजवून लांब कॉर्ड?

---

सोळा मात्रा

लांब कॉर्ड नको. ठरलेल्या आवर्तनात सगळे ३ वर थांबा, ड्रॉपवरच. किक, क्रॉस-स्टिक, बास, पियानोचा एक तुटक कॉर्ड, संपलं. ४ वरचा स्कँक गाळायचा. हात सवयीने तो वाजवतोच, आणि दरवेळी गिटारवालाच सापडतो.